रक्त दिलं आणि आठ दिवसांनी फोन आला

गेल्या महिन्यात शाहू जयंतीच्या निमित्तानं या पानावर रक्तदान शिबिरांबद्दल थोडं लिहिलं होतं, आणि जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की रक्त दिल्यावर ब्लड बँकेतून फोन आला तर घाबरून फोन कट करू नका, जाऊन भेटा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं पान सगळं त्यालाच दिलंय. मी स्वतः सव्वीस वर्षं रक्तपेढीत काम केलं, त्यामुळे पत्रं वाचताना बरेच चेहरे डोळ्यांसमोर आले. सगळ्यांची नावं काढून टाकलीत, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न : मॅडम, मी शिवाजी पेठेत राहतो, वय २४. तालमीच्या शिबिरात यंदा पहिल्यांदाच रक्त दिलं. आठ दिवसांनी ब्लड बँकेतनं फोन आला, जरा येऊन जावा म्हणाले. गेलो तर आतल्या खोलीत बसवून सांगितलं की हिपॅटायटीस बी रिअ‍ॅक्टिव्ह आलंय, फिजिशियनना दाखवा. मला काहीच होत नाही, फुटबॉल खेळतो, पूर्ण मॅच पळतो. बाहेरचं काही केलेलं नाही, आईची शप्पथ. नेटवर वाचलं तर लिव्हरचा कॅन्सर वगैरे लिहिलंय. डिसेंबरात लग्न ठरलंय. घरात कुणाला सांगितलेलं नाही. आणि माझं रक्त कुणाला चढवलं असलं तर त्याचं काय? लई टेन्शन आलंय.

उत्तर : बाळा, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण पत्र वाचताना तोच मला सगळ्यात जास्त भिडला. तुझं रक्त कुणालाही चढवलेलं नाही. शिबिरातून पिशव्या आल्या की त्या थेट वापरायच्या फ्रीजमध्ये जात नाहीत, तपासण्या होईपर्यंत वेगळ्या ठेवतात. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाचांसाठी तपासणी करावीच लागते, कायदाच आहे तसा, आणि यातलं एक जरी रिअ‍ॅक्टिव्ह आलं तरी ती पिशवी निर्जंतुक करून नष्ट करतात. तेव्हा ते ओझं आत्ताच डोक्यावरून उतरव.

आता रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे काय ते. ब्लड बँकेतली टेस्ट चाळणीची असते आणि ही चाळणी मुद्दाम बारीक ठेवलेली असते, एखादा चांगला माणूस चुकून अडकला तरी चालेल पण बाधित रक्त खाली पडता कामा नये असा तिचा हिशोब. त्यामुळे रिअ‍ॅक्टिव्ह आलेला प्रत्येकजण आजारी असतोच असं नाही. अगदी नुकतीच हिपॅटायटीस बीची लस घेतलेली असली तरी काही दिवस ही टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकते, तसं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांग. सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मेडिसीनच्या ओपीडीत जा. २०१८ पासून सरकारचा व्हायरल हिपॅटायटीसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे, त्यात तपासणी आणि औषधं फुकट आहेत, तिथं गेल्यावर त्याबद्दल विचार. ते एचबीएसएजी, म्हणजे हीच बीची टेस्ट, परत करतील, लिव्हरचं एसजीपीटी बघतील, सोनोग्राफी करतील आणि खरंच निघालं तर रक्तात विषाणू किती आहे ते मोजायला डीएनए टेस्ट सांगतील. सहा महिन्यांनी परत तेच आलं तर विषाणू अंगात मुक्कामाला आहे असं धरतात.

आणि समजा आहेच, तरी आयुष्य संपलं नाही रे. ज्यांच्या अंगात हा विषाणू आहे त्या सगळ्यांना औषध लागतच असं नाही, बऱ्याच जणांना सहा सहा महिन्यांनी नुसतं तपासत राहावं लागतं, आणि ज्यांना लागतं त्यांच्यासाठी रोज एक गोळी असते, ती विषाणूला दाबून ठेवते. नेटवरची कॅन्सरची भीती खोटी नाही, पण ती जास्त करून त्यांच्यासाठी आहे जे वीस वर्षं तपासायलाच जात नाहीत आणि वरून दारू पितात. तुला तर चोविसाव्या वर्षीच कळलं. दारू घेत असशील तर आजपासून बंद. फुटबॉल चालू ठेव. आणि आपल्याकडं पांढऱ्या काविळीवर, म्हणजे याच आजारावर, झाडपाल्याचं औषध देणारे गावोगावी आहेत, कुणीतरी तुला हाताला धरून न्यायला बघेलच, जाऊ नकोस. त्या औषधांनी लिव्हर आणखी बिघडलेले पेशंट मी बघितलेत.

तू शपथ घातलीयस ती घालायची गरज नव्हती, हे मात्र मला ठासून सांगायचंय. हिपॅटायटीस बी म्हटलं की लोक लगेच माणसाच्या चारित्र्यावर जातात, पण आपल्या देशात हा विषाणू बऱ्याच जणांना जन्माच्या वेळी आईकडून किंवा अगदी लहानपणी मिळालेला असतो. बाळाला जन्मताना लागण झाली तर दहातल्या नऊ जणांच्या अंगात तो कायमचा राहतो, तेच मोठ्या माणसाला झाली तर शंभरातल्या पाचांच्याही अंगात राहत नाही, शरीर स्वतःच त्याला हाकलतं. ही लस सगळ्या देशात बाळांच्या सरकारी लसीकरणात आली २०११ मध्ये, म्हणजे तुझ्या वयाची बरीच पोरं त्या आधीची. याशिवाय वस्तरा, न उकळलेल्या सुया, कधी काळी घेतलेलं इंजेक्शन, अशा वाटा आहेतच. हा विषाणू अंगाबाहेर सुकलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहतो, म्हणून ब्रश, रेझर, नेलकटर आपलं आपलं वेगळं ठेव. ताट, पेला, तालमीतला पाण्याचा तांब्या, मिठी मारणं, एकत्र जेवणं यातून तो पसरत नाही. आईला सांगायला लागेलच, कारण तिची आणि तुझ्या भावंडांची तपासणी व्हायला हवी, पण सांगताना 'तुझ्यामुळं झालं' असा सूर चुकूनही येऊ देऊ नकोस, तिलाही कुणीतरी नकळतच दिलेलं असणार.

लग्न मोडू नकोस आणि लपवूही नकोस. मुलीला लग्नाआधी सांग, दोघं मिळून डॉक्टरांकडं जा, तिची टेस्ट करा. ती निगेटिव्ह असेल आणि लस झालेली नसेल तर तीन डोस असतात, आज, एक महिन्यानं आणि सहाव्या महिन्यात, आणि शेवटच्या डोसनंतर एक दोन महिन्यांनी संरक्षण तयार झालं का ते रक्तात मोजता येतं. तोपर्यंत कंडोम वापरायचं. हिशोब कर, आज सुरुवात केली तर डिसेंबरपर्यंत दोन डोस होतात आणि तिसरा लग्नानंतर, म्हणून थांबू नका. पुढं मूल झालं की जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत त्याला लसीचा पहिला डोस, हे डॉक्टरांना आधीच सांगून ठेवायचं.

एकच गोष्ट तुला आवडणार नाही. पक्की तपासणी होईपर्यंत कुठंही रक्त द्यायचं नाही आणि ती पॉझिटिव्ह आली तर आयुष्यात कधीच नाही. पुढच्या वर्षी तालमीतली पोरं हात धरून ओढतील तेव्हा डॉक्टरांनी मनाई केलीय एवढंच म्हण, कारण सांगायची सक्ती तुझ्यावर नाही.

प्रश्न : मी गडहिंग्लजची, कॉलेजला आहे, वय १९. एप्रिलमध्ये जोतिबाच्या यात्रेत मनगटावर गोंदून घेतलं होतं. २६ जूनला कॉलेजच्या शिबिरात सगळ्या मैत्रिणी रक्त देत होत्या, फॉर्ममध्ये टॅटूचा प्रश्न होता, मी नाही वर टिक केली कारण हो म्हटलं तर परत पाठवतात असं सीनियरनी सांगितलं. आता तुमचं लिहिलेलं वाचून भीती वाटतेय. माझं काही चुकलं का?

उत्तर : या मुलीनं पत्रात फोन नंबर दिला होता आणि तिनं रक्त देऊन दहाच दिवस झाले होते, त्यामुळं मी छापायची वाट न बघता तिला त्याच दिवशी फोन केला. ज्या रक्तपेढीत रक्त गेलं होतं तिथं तिनं स्वतः फोन लावून डोनर कार्डावरचा नंबर सांगितला आणि काय झालं ते सरळ सांगून टाकलं. लाल पेशींची पिशवी अजून फ्रीजमध्ये होती, ती त्यांनी बाजूला काढली. प्लेटलेट मात्र वापरल्या गेल्या होत्या, त्या पाचच दिवस टिकतात. तिचे सगळे रिपोर्ट नॉन रिअ‍ॅक्टिव्ह आहेत, तरी रक्तपेढीनं तिला परत तपासणीला बोलावलंय आणि तेच बरोबर आहे. धीर करून तिनं फोन केला याचं मला मनापासून कौतुक वाटतं, आणि तिच्या परवानगीनंच हे इथं देतेय.

बाळ, चुकलं तर होतं. का चुकलं ते सांगते म्हणजे तुझ्या मैत्रिणींनाही कळेल. यात्रेत गोंदणारा एकच सुई किती जणांना लावतो आपल्याला माहीत नसतं, आणि त्याच शाईच्या वाटीत ती परत परत बुडवतो. समजा त्यातून विषाणू अंगात आलाच तर दुसऱ्या दिवशी तो टेस्टमध्ये दिसत नाही. काही काळ तो रक्तात असतो, दुसऱ्याला लागू शकतो, पण मशीनला सापडत नाही, त्याला आम्ही विंडो पीरियड म्हणतो. नेहमीच्या टेस्टमध्ये एचआयव्हीसाठी हा साधारण दोन ते तीन आठवडे, हिपॅटायटीस बीसाठी पाच ते सहा आठवडे, आणि हिपॅटायटीस सीची अँटिबॉडी दिसायला आठ ते दहा आठवडे, कुणाकुणाला आणखी जास्त. तू गोंदल्यापासून जेमतेम दहा आठवड्यांनी रक्त दिलंस, म्हणजे सीच्या बाबतीत अगदी काठावर. म्हणून नियमात टॅटू, गोंदण, नाक कान टोचणं यानंतर बारा महिने थांबायला सांगितलंय.

मशीन कितीही चांगलं असलं तरी विंडो पीरियडमधला विषाणू पकडायचं काम फॉर्मवरची ती टिकच करते, दुसरं कोण करणार? आम्ही रक्तपेढीतले लोक त्या फॉर्मला पहिली टेस्ट म्हणायचो. परत पाठवलं म्हणजे अपमान झाला असं वाटतं तुम्हा पोरींना, मला कळतं ते, पण परत गेलेला डोनर पुढच्या वर्षी येतोच, चढवलेलं रक्त परत काढता येत नाही.

प्रश्न : रक्त देताना सुईतून एड्स होतो म्हणून मिस्टर मला रक्त देऊ देत नाहीत. खरं आहे का? (उचगाव)

उत्तर : नाही हो ताई. रक्त काढायची पिशवी, तिची नळी आणि सुई एकालाच वापरायची असते, तुमच्यासमोर नवीन पाकिटातून काढतात, झालं की सुई तिथंच नष्ट करतात. मिस्टरांना पुढच्या शिबिरात बरोबर घेऊन जा आणि त्यांना ते पाकीट फोडताना बघू दे. वजन ४५ किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन साडेबारा असलं की झालं, बायकांनी दोन रक्तदानांत चार महिन्यांचं अंतर ठेवायचं.

प्रश्न : सासूबाईंच्या ऑपरेशनला हॉस्पिटलनं तीन पिशव्या रक्त सांगितलं आणि बदली डोनर आणा म्हणाले. हॉस्पिटलच्या बाहेर एकजण भेटला, दोन हजार द्या, माणूस उभा करतो म्हणाला. आम्ही नको म्हटलं, शेवटी घरातल्याच तिघांनी दिलं. आपल्या माणसाचं रक्त जास्त सेफ असतं हे बरोबर ना? (कागल)

उत्तर : दादा, बाहेरच्या त्या माणसाला नको म्हणालात ते फार चांगलं केलंत. पैसे घेऊन रक्त द्यायला आपल्या देशात १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे, सुप्रीम कोर्टानं १९९६ च्या निकालात तसं सांगितलं होतं. त्याआधी रक्त विकून पोट भरणारी माणसं असायची, आठवड्याला वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन देणारी, अंगात रक्त नाही, आजार आहे, पण सांगितलं तर त्या दिवसाची भाकरी जाते म्हणून कोण सांगणार? दोन हजारांसाठी उभा राहिलेला माणूस फॉर्ममध्ये खरं लिहीत नाही.

पण तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही आणि हे वाचून बरेच जण नाराज होतील याची मला कल्पना आहे. घरचं रक्त म्हणजे सेफ, हा समज आपल्याकडं फार खोल रुजलाय. रक्तपेढ्यांच्या आकड्यांत नेहमी असं दिसत आलंय की स्वतःहून, नेमानं रक्त देणाऱ्यांमध्ये बाधित रक्ताचं प्रमाण सगळ्यात कमी, आणि पहिल्यांदा देणाऱ्यांत किंवा पेशंटच्या बदली आणलेल्यांत जास्त. कारण साधं आहे. नेमानं देणारा माणूस दर तीन चार महिन्यांनी तपासला जातो, आणि त्याच्यावर कुणाचा दबाव नसतो.

घरच्यांवर दबाव किती असतो ते मी बघितलंय. एकदा एका पेशंटचे जावई डोनर म्हणून आले, मागं सासरची सहा माणसं उभी, सासरे तर खांद्यावर हात ठेवूनच. मी फॉर्म विचारायला लागले तर जावई सगळ्याला नाही नाही म्हणत होते पण नजर सारखी दाराकडं. मी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, तेव्हा म्हणाले, मॅडम माझं रक्त घेऊ नका, पण त्यांना काही सांगू नका. मी बाहेर जाऊन सांगितलं की यांचं हिमोग्लोबिन कमी आहे. खोटं बोलले, आणि आजही तसंच बोलेन. त्या दिवशी दार लावलं नसतं तर काय झालं असतं असं अजून मनात येतं.

बदली रक्तदान हळूहळू बंद करून सगळं रक्त ऐच्छिक रक्तदात्यांकडूनच यावं असं राष्ट्रीय रक्त धोरणात २००२ पासूनच लिहिलेलं आहे. तिथं आपण अजून पोचलेलो नाही, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी धावपळ नातेवाइकांचीच होते. तेव्हा तुम्ही तिघं आता चार महिन्यांनी पुन्हा द्या, कुणासाठी म्हणून नाही, असंच.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे, थॅलेसेमिया मेजर. दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं. दुसऱ्या राज्यात अशा मुलांना रक्तातून एचआयव्ही झाल्याची बातमी वाचली तेव्हापासून पिशवी लावताना माझे हात थरथरतात. टेस्ट केलेलं रक्त असूनही असं कसं होतं? आम्ही काय करायचं? मुलाचे काका म्हणतात आम्हीच रक्त देतो, बाहेरचं नको. (इचलकरंजी)

उत्तर : ताई, तुमच्याशी मी खोटं बोलणार नाही. धोका शून्य आहे असं जगातली कुठलीच रक्तपेढी सांगू शकत नाही, वर सांगितलेल्या विंडो पीरियडमुळं. आणि तुमच्या बाळाला वर्षाला सतरा अठरा पिशव्या लागतात म्हणजे तो धोका छोटा असला तरी परत परत समोर येतो. पण रक्त थांबवणं हा त्यावरचा उपाय नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. धोका कमी करायच्या गोष्टी मात्र तुमच्या हातात बऱ्याच आहेत.

पहिली चौकशी करा ती नॅट टेस्टची. नेहमीची एलायझा टेस्ट शरीरानं तयार केलेली अँटिबॉडी किंवा विषाणूचं वरचं आवरण शोधते, नॅट थेट विषाणूचा आरएनए किंवा डीएनए शोधते, त्यामुळं एचआयव्हीचा विंडो पीरियड दहा एक दिवसांवर येतो आणि हिपॅटायटीस सीचा तर दोन महिन्यांवरून आठवडाभरावर. बीमध्ये आणखी एक भानगड असते, कधी कधी एचबीएसएजी निगेटिव्ह येतं पण रक्तात थोडा विषाणू दडलेला असतो, तोही काही वेळा नॅटनं सापडतो. ही टेस्ट देशात अजून सक्तीची नाही, काही रक्तपेढ्या करतात काही करत नाहीत, म्हणून जिथून रक्त घेता तिथं सरळ विचारा की नॅट केलेलं मिळेल का. संकोच करू नका, सतरा वेळा विचारायचा तुम्हाला हक्क आहे. माझं स्वतःचं मत असं की बाकी सगळ्यांसाठी सक्ती होईल तेव्हा होईल, पण थॅलेसेमियाच्या मुलांना नॅट केलेलंच रक्त मिळालं पाहिजे आणि त्याचा खर्च आईबापांवर पडता कामा नये.

दुसरं, मुलाची हिपॅटायटीस बीची लस झालीय का ते बघा आणि झाली असेल तर अँटी एचबीएस टायटर, म्हणजे लसीनं संरक्षण किती तयार झालंय ते मोजणारी टेस्ट, करून घ्या. दहाच्या खाली असेल तर परत डोस द्यावा लागतो. बऱ्याच आया लस झाली म्हणून निर्धास्त असतात आणि टायटर कधीच केलेलं नसतं. एचआयव्ही, बी आणि सीची टेस्ट वर्षातून निदान एकदा, जमलं तर सहा महिन्यांनी. सी निघालं तरी हातपाय गाळायचे नाहीत, आता गोळ्यांनी बहुतेक करून बारा आठवड्यांत शंभरातले पंच्याण्णव बरे होतात. एक वही करा, प्रत्येक पिशवीचा नंबर, तारीख, कुठल्या रक्तपेढीचं आणि लेबलवर पाच टेस्ट नॉन रिअ‍ॅक्टिव्ह लिहिलंय का, एवढं त्यात उतरवायचं. उद्या काही निघालंच तर कुठल्या पिशवीतून आलं ते शोधता येतं, वही नसली की सगळे एकमेकांकडं बोट दाखवतात.

काकांच्या मनात माया आहे पण त्यांचं रक्त या बाळाला नको. अगदी जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीरावर उलटण्याचा धोका असतो, दुर्मिळ आहे पण झालं तर जिवावर बेततं, म्हणून तसं रक्त द्यायचंच झालं तर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करूनच देतात. शिवाय पुढं बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विचार करायचा असेल तर घरच्यांचं रक्त आधी चढवलेलं नसावं. काकांनी रक्तपेढीत द्यावं, ते दुसऱ्या कुणाला जाईल आणि दुसऱ्याचं तुमच्या बाळाला. आणि काका काकूंची, मामा मावशीची एचबीए२ टेस्ट, म्हणजे थॅलेसेमियाचा दोष अंगात आहे का ते सांगणारी, करून घ्या, त्यांच्या मुलांच्या लग्नाआधी.

यावरून बाकीच्या वाचकांना एक सांगायचं राहू नये. हिपॅटायटीस सीची तपासणी आपल्याकडं रक्तपेढ्यांना सक्तीची झाली २००१ मध्ये. विषाणूचाच शोध १९८९ मधला. तेव्हा २००१ च्या आधी तुम्हाला ऑपरेशनमध्ये, बाळंतपणात, अपघातात रक्त चढवलेलं असेल तर एकदा सीची टेस्ट करून घ्या, त्रास काही नसला तरी. घरातल्या आई आणि आजीला विशेष विचारा, बायका स्वतःहून सांगत नाहीत.

प्रश्न : आमच्या मंडळानं शिवजयंतीला शिबिर घेतलं, २१२ जणांनी रक्त दिलं. नंतर तिघांना ब्लड बँकेतून फोन आले आणि पेठेत चर्चा सुरू झाली की मंडळात तीन एड्सवाले सापडले. पोरं म्हणतात आता शिबिरच नको. यंदा गणपतीत घ्यायचं ठरलं होतं, हेल्मेट देणार होतो. काय करावं? (मंगळवार पेठ)

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला खरंच वाईट वाटलं, शिबिर बंद पडेल म्हणून तर आहेच, पण त्या तिघांसाठी जास्त. आधी आकडे बघू. २०१५ सालच्या देशभरातल्या रक्तपेढ्यांच्या माहितीवर २०१६ मध्ये सरकारी अहवाल आला होता, त्यात जमा झालेल्या रक्तात हिपॅटायटीस बीचं प्रमाण ०.८७ टक्के होतं, सीचं ०.३४ आणि एचआयव्हीचं ०.१४. तिन्ही मिळून १.३५ टक्के. आता २१२ ला हे लावा, येतात २.८६. म्हणजे जवळजवळ तीनच. देशात सरासरी जेवढे निघतात तेवढेच तुमच्याकडं निघाले, मंडळाला डाग लागण्यासारखं त्यात काही नाही. आणि बीचं प्रमाण एचआयव्हीच्या सहापट आहे, तेव्हा त्या तिघांना एड्सवाले म्हणणारा माणूस अंदाजानं एखाद्याचं आयुष्य उद्ध्वस्त करतोय.

आणखी एक हिशोब पेठेतल्या पोरांना फळ्यावर लिहून दाखवा. समजा दहा हजार डोनर आहेत, त्यात खरे एचआयव्ही बाधित दहा. टेस्ट अगदी चांगली, निरोगी माणसांपैकी शंभरातल्या साडेनव्याण्णवांना बरोबर निगेटिव्ह सांगणारी. तरी उरलेल्या अर्ध्या टक्क्यानं सुमारे पन्नास निरोगी माणसं रिअ‍ॅक्टिव्ह दिसतील. म्हणजे साठ जणांना फोन जाणार आणि त्यातले खरे दहाच, सहातला एक. म्हणूनच ब्लड बँकेच्या एका टेस्टवर कुणाला एचआयव्ही आहे असं म्हणत नाहीत, त्याला आयसीटीसी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, पाठवतात, तिथं तीन वेगवेगळ्या टेस्ट करून मगच सांगतात, तेही समुपदेशकासमोर, एकट्याला. काही शंका असली तर १०९७ हा टोल फ्री नंबर आहे.

मला जो प्रश्न पडला तो वेगळाच, ही बातमी पेठेत गेली कशी? रक्तपेढीनं फक्त त्या माणसाला कळवायचं असतं, मंडळाच्या अध्यक्षालासुद्धा नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे, माणसाच्या संमतीशिवाय त्याची माहिती उघड करता येत नाही. मी नवीन असताना जिथं काम करायचे तिथं एका डोनरला काउंटरवरच, चार माणसांदेखत, तुमचं रक्त खराब निघालं असं सांगितलं गेलं. मी शेजारी उभी होते आणि काही बोलले नाही. तो माणूस गेला तो तपासायला परत आलाच नाही, पुढं त्याला उपचार मिळाले की नाही मला आजपर्यंत माहीत नाही. म्हणून सांगते, शिबिराच्या आधी रक्तपेढीशी बोलून घ्या की फोन डोनरच्या स्वतःच्याच नंबरवर जाईल, आणि डोनरची यादी नंबरांसकट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची पद्धत बंद करा. त्या तिघांपैकी कुणी भेटलं तर काही न विचारता नेहमीसारखं बोला, चहाला बोलवा.

हेल्मेट नको. मनापासून सांगते, रागावू नका. तुमचा हेतू चांगलाच आहे, पण हजार रुपयांची वस्तू समोर दिसली की गेल्या महिन्यात टॅटू काढलेला पोरगा नाही वर टिक करतो, कावीळ होऊन गेलेला सांगत नाही, दीड महिन्यापूर्वी दुसरीकडं दिलेला परत झोपतो. वस्तूच्या मोहानं दिलेलं रक्त आणि दोन हजारांसाठी दिलेलं रक्त यात फॉर्मच्या दृष्टीनं फारसा फरक राहत नाही. सर्टिफिकेट द्या, चहा बिस्किट द्या, फार तर एक रोप. हेल्मेटचे पैसे आहेतच तर त्यातून फॉर्म भरायच्या जागेला पडदे लावा, दोन टेबलं लांब लांब ठेवा म्हणजे शेजारच्याला ऐकू जाणार नाही, आणि माईकवरून कोण किती नंबरचा डोनर ते ओरडू नका. परत पाठवलेल्या माणसालाही तोच चहा आणि तोच मान.

शिबिर बंद करू नका, तारीख तेवढी बदला. गणपतीत पेठापेठांत शिबिरं असतात, एका आठवड्यात इतक्या पिशव्या येतात की ठेवायला जागा नसते. लाल पेशी फार तर बेचाळीस दिवस टिकतात, दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजं बंद असतात आणि तेव्हा मात्र पेशंटचे नातेवाईक सीपीआरच्या दारात फिरत असतात. दिवाळीनंतरचा पहिला रविवार धरा, मे महिन्यात आणखी एक. गेल्या वेळच्या २१२ पैकी ज्यांचं सगळं नॉन रिअ‍ॅक्टिव्ह होतं त्यांना रक्तपेढीकडूनच मेसेज जाऊ दे, तेच पुन्हा आले की तुमचं रक्त नेमानं देणाऱ्यांचं होईल. तारीख ठरली की मासिकाच्या पत्त्यावर कळवा, पडद्यामागं फॉर्म विचारायच्या एका टेबलावर मी येऊन बसते.